शिंपलीतला मळ

१

"हे बूट कोणी घासले?"

मिस ओडेसा पर्नेल इतक्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातली हातोडी शिडीवरून खाली पडली. शुक्रवारची दुपार होती. आमच्या लाँगवुडच्या समाजकेंद्राच्या तळघरात उद्याच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. ब्रॉन्क्सच्या रस्त्यांवर रॅप कसं जन्मलं ते सांगणारं प्रदर्शन. भिंतीवर जुन्या पार्ट्यांची पत्रकं, कोपऱ्यात तबकड्यांची दोन यंत्रं, आणि मधोमध काचेच्या पेटीत मिस ओडेसांच्या धाकट्या भावाचे बूट.

बूट म्हणजे तेच, ज्यांच्या रबरी टोकाला शिंपलीसारख्या रेघा असतात. ते मुळात बास्केटबॉलच्या मैदानासाठी बनवले होते. खेळाडूंनी ते सोडले आणि आमच्या गल्ल्यांनी उचलले. आज जगातल्या कुठल्याही शहरात ते पोरांच्या पायात दिसतात. पण या पेटीतला जोड एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालचा. तो घालणारा लिनवुड पर्नेल एकोणीस वर्षांचा असताना पोलीस कोठडीत मेला.

केंद्राचे संचालक लेनॉक्स बॅप्टिस्ट धावत आले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र. "मिस पर्नेल, काय झालं?"

"शिंपलीच्या खाचांत मळ होता. कुठं गेला?"

"सफाईवाल्यांनी पुसला असेल. दिसायला बरं दिसतं."

"बरं दिसतं? बुधवारी तुमच्या हातात खोका दिला तेव्हा काय सांगितलं होतं मी? हात लावायचा नाही. एकोणचाळीस वर्षं मी त्यावरून फडकं फिरवलं नाही, आणि तुम्हाला बरं दिसायला हवंय?" त्यांनी पेटीखालच्या पाटीवर बोट आपटलं. "आणि हे काय लिहिलंय? 'अकाली निधन'? माझा भाऊ सर्दीनं मेला काय?"

लेनॉक्सनी पेटी उघडली. मिस ओडेसांनी डावा बूट उचलला आणि प्रकाशाकडे धरला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "निल्सा, बाळा, खाली उतर. या बुटाची जीभ बघ."

मी बघितली. पिवळ्या पडलेल्या कातडी जिभेवर एकाखाली एक आडवे पांढुरके पट्टे होते, दोन बोटं रुंद.

"नाड्यांच्या खुणा आहेत," मी म्हणाले. "नाडीखालच्या कातड्याला ऊन लागत नाही, म्हणून ते कमी पिवळं पडतं."

"लिनवुडनं या बुटांत कधीच नाड्या घातल्या नाहीत," मिस ओडेसा म्हणाल्या. "हे त्याचे बूट नाहीत. कोणीतरी बदललेत."

२

आता या नाड्यांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच अडलंय.

आमच्याकडे अजून सांगतात की कोठडीत टाकताना पोलीस आधी पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेत. पोरं सुटून यायची ती फटक-फटक बूट वाजवत. मग गल्लीतल्या बाकीच्या पोरांनी मुद्दामच नाड्या काढून टाकल्या. काढून घेता? घ्या, आम्हाला नकोतच. जिभेत स्पंजाचा तुकडा शिवून ती ताठ उभी करायची आणि तसंच चालायचं. ती टिंगल होती, पोलिसांच्या तोंडावर केलेली. लिनवुड माइकवर यमकं जुळवायचा, तो असाच उभा राहायचा.

आणि पोलीस ठाण्यानं मृत्यूचं कारण काय दिलं? 'मयत नेहमी वापरत असे त्या जाड पांढऱ्या नाड्यांनी गळफास.' एका साक्षीदारानं तसं सांगितलं म्हणे. साक्षीदाराचं नाव घरच्यांना कधीच कळलं नाही.

मिस ओडेसा तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. ठाण्याच्या टेबलावर त्यांना कागदी पिशवीत बूट मिळाले. त्या ओरडल्या, यात नाड्या कधीच नव्हत्या. टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, त्या पुराव्यात जमा आहेत."

तेव्हापासून त्या ओरडतच होत्या. वकिलांकडे, वर्तमानपत्रांकडे, चर्चच्या पाद्र्याकडे. लोक मान हलवत आणि घड्याळ बघत. यंदा कुठं जुन्या कोठडीमृत्यूंची फेरतपासणी करणाऱ्या समितीनं त्यांना बोलावलं होतं, येत्या सोमवारी. बूट घेऊन या, म्हणाले होते. फोटो त्यांनी मुद्दामच काढले नव्हते. "फोटो खोटा म्हणतील. बूट समोर ठेवते, म्हणावं, आता बोला." लेनॉक्सनी गळ घातली म्हणून दोन दिवस ते प्रदर्शनात ठेवायला त्या तयार झाल्या.

आता सोमवारी त्यांनी हा जोड समितीपुढे ठेवला असता तर? जिभेवर जाड नाड्यांचे पट्टे. ठाण्याचं म्हणणं खरं, म्हातारी वेडी, प्रकरण बंद. साधी चोरी असती तर निदान आरडाओरडा करता आला असता. इथं चोरानं त्यांच्याच हातात त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठेवला होता.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी रसायनशास्त्र शिकलेय, शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चिडून विचार करू नये असं आम्हाला शिकवतात. मला तर त्या दिवशी चिडल्यामुळेच विचार करता आला.

"पोलिसांना कळवू या," लेनॉक्स म्हणाले.

मिस ओडेसा हसल्या. ते हसू बघून लेनॉक्स एक पाऊल मागे सरकले.

"पेटीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?" मी विचारलं.

"माझ्याकडे, ब्रायसकडे आणि एफ्राइनकडे. कुलूप तर शाबूत आहे." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "म्हणजे, आमच्यातलाच कोणीतरी?"

३

लेनॉक्सना मी त्यांच्या खोलीतच गाठलं.

"युवक कार्यक्रमाला पैसे कोण देतं, मिस्टर बॅप्टिस्ट?"

"बरेच जण देतात."

"पोलीस संघटना?"

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "देतात. आणि त्या पैशातून दीडशे पोरं दुपारी रस्त्यावर न फिरता इथं येतात. तुझी भाचीसुद्धा येते."

"म्हणून 'अकाली निधन'?"

"म्हणून 'अकाली निधन'." त्यांचा आवाज चढला. "हो, मी भित्रा आहे, म्हण. पण मी चोर नाही. अगं, चोरायचेच असते तर प्रदर्शनात ठेवायला विनवण्या कशाला केल्या असत्या? आणि बुधवारी त्या बाईनं मला अर्धा तास त्या मळावरून झापलं. ब्रायसही होता. बदली जोड ठेवताना पहिल्यांदा मी मळच माखला असता!"

हे मी मनात टिपून ठेवलं.

ब्रायस हॅलोरन जुन्या बुटांचा संग्राहक. प्रदर्शनातले बाकीचे नऊ जोड त्याचे. वय पस्तीस, हातात सदैव पांढरे मोजे. तो मॅनहॅटनहून येतो आणि आमच्या गल्लीत गाडी लावताना दोनदा कुलूप तपासतो.

"तुम्हाला तो जोड विकत हवा होता ना?" मी विचारलं.

"कोणाला नको असेल? फाशी गेलेल्या रॅपरचे बूट. अशी कहाणी लाखात एखाद्या—"

"फाशी गेला नाही तो."

"बरं, जे काय असेल ते. बाईंनी नाही म्हटलं, विषय संपला." त्यानं पेटीतला बदली जोड उचलून उलटा केला, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अरेरे. हा त्याच काळातला खरा जोड आहे, नकली नाही. साल तेच, मापही तेच. पण कुठल्या गाढवानं टूथब्रश मारलाय यावर?"

"तुम्ही नाही मारला?"

"मी?" त्याला खरोखरच अपमान वाटला. "मुली, जुन्या बुटावरचा मळ हा त्याचा जन्मदाखला असतो. मळ गेला की राहतं काय, एक पिवळं खेटर! मी माझ्या जोडांना श्वाससुद्धा लागू देत नाही."

"मग कोण घासेल?"

"जो यांना पुराणवस्तू समजत नाही तो," ब्रायस म्हणाला. "जो यांना अजून बूटच समजतो."

मला हा माणूस अजिबात आवडला नव्हता. तरी मी त्या वाक्यापाशी थबकले.

४

केंद्राच्या स्वयंपाकघरातून मी व्हिनेगरची बाटली आणली. काडीच्या टोकानं शिंपलीच्या एका खाचेत थेंब सोडला. बारीक बुडबुडे फसफसत वर आले. खडूची पूड. स्वस्त टूथपेस्टमध्ये असते ती. जुनी असती तर कधीच झडून गेली असती. कोणीतरी हल्लीच बसून प्रत्येक रेघ वेगवेगळी घासली होती. फक्त शिंपली आणि तळव्याची कड. कातड्याला ब्रश लावलाच नव्हता, कारण कातडं फाटतं. घासणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं.

"माझ्याकडे का बघतेस अशी, नेना?"

एफ्राइन कोयासो यंत्रांच्या तारा जोडत होता. मला तो 'नेना', म्हणजे 'पोरी', म्हणतो. सत्तावन्न वर्षांचा, दिवसा शहराची बस चालवतो. लिनवुडच्या रॅप-नाचाच्या टोळीतल्या चौघांपैकी हा एकटाच आता इथं उरलाय. प्रदर्शनाची मांडणी त्यानंच फुकट करून दिली होती. माझ्या लहानपणी यानंच मला हातावर गोल फिरायला शिकवलं आणि माझे दोन दात पाडले.

"बुधवारी तू नव्हतास ना, एफी?"

"बसवर ड्यूटी होती. का?"

"मिस ओडेसांचे बूट बदललेत."

"ऐकलं." तो तारेकडेच बघत होता. "म्हातारपण वाईट. चाळीस वर्षांत माणूस काय काय विसरतं. नसतील बदलले."

"जिभेवर नाड्यांच्या खुणा आहेत."

"असतील बांधत तो कधीमधी."

"तू त्याचा मित्र. तुला माहीत नाही?"

"नेना, माझ्या काल सकाळच्या नाश्त्याचं मला आठवत नाही!" तो हसला. मग खाली वाकून त्यानं स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र बुटावरचा न दिसणारा डाग अंगठ्यानं पुसला.

त्याच्यामागे भिंतीवर टोळीचा मोठा फोटो होता. चार पोरं हाताची घडी घालून उभी. तो एफ्राइननंच वाढवून आणला होता. चारही चेहरे स्पष्ट, छाती, हात, गुडघे. गुडघ्यांच्या खाली फोटो कापलेला.

बुटांच्या प्रदर्शनात पाय नसलेला फोटो?

"हा असा का कापला रे?"

"चेहरे मोठे दिसावेत म्हणून," एफ्राइन म्हणाला, जरा जास्तच पटकन.

५

मूळ फोटो मिस ओडेसांच्या घरी होता. संध्याकाळी त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. आणि समोर पावट्याच्या उसळीची बशी ठेवली, कारण उपाशी माणसाशी बोलायचं नाही असा त्यांचा नियम.

चौघांच्या पायात तेच शिंपलीचे बूट. तिघांच्या बुटांच्या जिभा ताठ उभ्या, भोकं मोकळी. चौथ्याच्या बुटांत जाड पांढऱ्या नाड्या, इस्त्री मारून ताणलेल्या, सरळ आडव्या ओवलेल्या.

"चौघांत नाचणारा एफीच," मिस ओडेसा म्हणाल्या. "डोक्यावर फिरताना बूट उडून जाईल ना. त्याच्या नाड्यांना मीच कांजी लावून द्यायची. लिनवुडनं आणि त्यानं बूट एकाच दिवशी घेतले होते. मापही एकच." त्या थांबल्या. "तू हे का विचारतेयस, ते मला कळतंय. आणि ते खोटं निघावं असं मला वाटतंय."

"एफी लिनवुडच्या दफनाला आला होता?"

"नाही. नंतर वर्षभर गल्लीतही दिसला नाही. मला वाटलं, दुःखानं."

"म्हणजे मळाचं त्याला माहीत नव्हतं."

"दफनाच्या दिवशी बाकीची दोघं बूट घासून द्यायला आली होती. टोळीतल्या मेलेल्याचे बूट चकाचक करायचे अशी त्यांची रीत. मी हाकलून दिलं. कोठडीची घाण होती ती. ती मला हवी होती."

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. जोड खरा आणि त्याच मापाचा. त्यात कायम रुंद नाड्या, म्हणजे नाचणाऱ्याचा. घासलेला अलीकडेच, म्हणजे ब्रायसचं काम नाही. मळाविषयी बुधवारची ताकीद लेनॉक्स आणि ब्रायस दोघांनी ऐकलेली, त्यामुळे दोघांपैकी कोणीही घासलेला जोड ठेवला नसता. आणि किल्ली असून ती ताकीद न ऐकलेला माणूस एकच.

"पण का?" मिस ओडेसा म्हणाल्या. "तो का करेल असं?"

मला माहीत नव्हतं. कारणाची जागा माझ्या हिशेबात कोरी होती.

६

शनिवारी सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही दोघी तळघरात उतरलो. एफ्राइन एकटाच आवाज तपासत होता. मिस ओडेसांनी बदली जोड त्याच्या यंत्रावर, फिरणाऱ्या तबकडीवरच ठेवला. सुई खरवडली गेली आणि कर्ण्यांतून किंचाळी निघाली.

"तुझे बूट घे," त्या म्हणाल्या. "माझे दे."

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. यंत्राखालच्या तबकड्यांच्या खोक्यात हात घातला आणि कागदी पिशवी वर काढली.

"जाळणार होतो. काडी पेटवली होती. नाही जमलं."

मी हातमोजे घालून बूट बाहेर काढले. जीभ सगळीकडून सारखी पिवळी, आत शिवलेला स्पंज कडक झालेला. भोकांच्या कडा नाडी कधी ओढलीच नसल्यासारख्या. खाचांत काळा मळ.

"कोण होता तो साक्षीदार?" मी विचारलं, आणि विचारतानाच माझ्या हिशेबातली कोरी जागा भरली.

"मी," एफ्राइन म्हणाला. "त्या रात्री दोघांनाही उचललं होतं. भिंतीवर रंगानं नावं लिहिल्याबद्दल. मी अठराचा होतो. सकाळी म्हणाले, सही कर, की तो नेहमी जाड नाड्या बांधायचा. नाहीतर तुझीपण तीच गत. मी सही केली."

"नाड्या आल्या कुठून मग?" मिस ओडेसांचा आवाज मला ओळखू येईना.

एफ्राइननं यंत्राची कळ बंद केली.

"माझ्या होत्या. आत टाकताना टेबलावर काढून घेतल्या होत्या माझ्याकडून. खणात ठेवल्या. ओडेसा, त्या कोठडीत नव्हत्याच. खणात होत्या. खणाची किल्ली त्यांच्याकडे होती."

मिस ओडेसांनी खुर्ची शोधली नाही. उभ्याच राहिल्या. मी त्यांच्या दंडाला धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला.

"तुला माहीत होतं. एकोणचाळीस वर्षं माझ्या दारावरून बस चालवतोस. हात हलवतोस. ख्रिसमसला केक आणतोस."

"माझी पोरं आहेत. नातू आहे. सोमवारी त्यांनी बूट बघितले असते, मग साक्षीदार कोण ते निघालं असतं—"

"आणि तू काय केलंस? त्याच्या नावाखाली तुझे बूट ठेवलेस! वर घासलेस?"

"मळके ठेवणार होतो का त्याच्या नावाखाली?" तो पहिल्यांदाच ओरडला. "अख्खी गल्ली येणार बघायला! लिनवुडचे बूट मळके?"

वर दाराशी लोक जमल्याचा गलका ऐकू येत होता.

मग माझ्या लक्षात आलं. "एफी, त्यांनी तुझ्या बुटांतून नाड्या काढल्या. त्याच्या बुटांत त्या कधी नव्हत्याच. नुसत्या त्याच्या जोडावरून पोलीस म्हणाले असते, कुठून तरी आणल्या असतील. पण फोटो आणि दोन्ही जोड शेजारी ठेवले, आणि तू बोललास, तर त्या नाड्या कोणाच्या हातून आल्या ते लपत नाही."

"मी बोललो तर माझं काय होईल?"

"मला काय ठाऊक?" मिस ओडेसा म्हणाल्या. "माझं काय झालं ते विचारलंस कधी?"

त्यानं चेहरा हातांत लपवला. "मला माफ कर, ओडेसा."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते नको मागूस. ते तुला मिळणार नाही. सोमवारी समितीपुढे येशील. पण तिथं बंद खोली असते, पाच माणसं असतात. बंद खोल्यांत काय होतं ते मी बघितलंय. आधी इथं सांगायचं. आज. अख्ख्या गल्लीला."

"मी सांगितलं नाही तर?"

"तर मी सांगीन. आणि तू तिथं उभा राहून ऐकशील."

दुपारी तळघर खच्चून भरलं. म्हातारे जुन्या टोप्या घालून आले होते, पोरं नवे बूट घालून. लेनॉक्सनी स्वागत केलं, प्रायोजकांचे आभार मानले. पहिल्या रांगेत गणवेशातले दोन अधिकारी टाळ्या वाजवत होते. मग लेनॉक्सनी घोषणा केली, आता जुन्या टोळीतले शेवटचे शिलेदार एफ्राइन कोयासो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. यंत्रावर कोणीतरी ठेका सोडला.

एफ्राइननं हात वर केला. ठेका थांबला.

मिस ओडेसा भिंतीला टेकून उभ्या होत्या, छातीशी कागदी पिशवी. मी त्यांच्या शेजारी. बुटांचे दोन्ही जोड त्या पिशवीत होते. त्यांनी ते आता कोणाच्या काचेत ठेवायला नकार दिला होता.

"लिनवुडच्या बुटांत नाड्या नव्हत्या," एफ्राइन माइकपासून लांबच राहून पुटपुटला. "'होत्या' असं सांगून मी सही केली. त्या माझ्या होत्या. पोलिसांनी टेबलावर काढून घेतल्या होत्या."

पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. अधिकाऱ्यांच्या टाळ्यांचे हात हवेतच राहिले. मागे अजून कोणीतरी हसत होतं, कोणी आइस्क्रीमच्या गाडीविषयी विचारत होतं. लेनॉक्स माइककडे झेपावले आणि मधेच थांबले. त्यांनी मिस ओडेसांकडे बघितलं, मग मागे सरकून भिंतीशी उभे राहिले.

एफ्राइनची मान खाली होती. त्याला वाटलं, संपलं. तो व्यासपीठावरून उतरायला लागला.

"एफ्राइन!"

हाक ऐकून सगळं तळघर वळलं.

"माइकजवळ जा," मिस ओडेसा म्हणाल्या. "पुन्हा सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही."